जे दिसंना ते सांग

गेल्या आयपीएलच्या हंगामातील एका रात्री, सामना अगदी शेवटच्या तीन षटकांवर आलेला असताना, आप्पांनी माझ्या भाच्याकडून रिमोट मागून घेतला आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. चित्र तसेच चालू राहिले. घरात आम्ही सहा माणसे बसलो होतो आणि त्यांपैकी एकानेही आवाज वाढवा असे म्हटले नाही. थोड्या वेळाने आप्पा शांतपणे बोलले, "सिक्स बसला हे मला पण दिसूलालंय. जे दिसंना ते सांग म्हणावं की त्याला."

आप्पा म्हणजे माझे वडील. ते आज ७८ वर्षांचे आहेत आणि साठ वर्षांहून अधिक काळ क्रिकेट ऐकत, नंतर पाहत आलेले आहेत. आवाज बंद करण्याचे काम त्यांनी रागाच्या भरात केले असते तर मी त्यावर लिहायला बसले नसते. त्यांनी ते अगदी सहज केले आणि आम्हा सगळ्यांना ते सहज पटले, याची मला खंत वाटते. ज्या माणसाने क्रिकेट कानांनी शिकले, त्याला आता ते कान मिटून पाहावेसे वाटते.

आमचे अंबाजोगाई मोठ्या मैदानांपासून फार लांब आहे. आंतरराष्ट्रीय सामने होतात ती पुणे, हैदराबाद, मुंबई, नागपूर ही गावे आमच्यापासून तीनशे किलोमीटरच्या मागेपुढे किंवा त्याहून दूर आहेत, आणि आमच्या मागच्या पिढीतील बहुसंख्य लोकांनी कसोटी सामना प्रत्यक्ष मैदानात बसून कधीही पाहिलेला नाही. तरीही या लोकांना ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू का सोडायचा असतो, सकाळच्या पहिल्या तासात चेंडू का वळतो, डावखुऱ्या फलंदाजासाठी क्षेत्ररक्षण का बदलते, हे नेमके कळते. हे ज्ञान त्यांना कोणी दिले? शाळेत ते शिकवले जात नव्हते, प्रशिक्षक मिळत नव्हते, पुस्तके नव्हती. ते समालोचकांनी दिले. ज्या भागात मैदान नसते त्या भागात समालोचक हाच मैदान असतो, आणि म्हणूनच तो शिळा झाला की आमचे जेवढे नुकसान होते तेवढे वानखेडेवर तिकीट काढून बसणाऱ्या प्रेक्षकाचे होत नाही.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये भारताने ओव्हलवर इंग्लंडला हरवले, त्या वेळी आप्पा चोवीस वर्षांचे होते. मोंढ्यातील एका आडत दुकानात असलेल्या रेडिओवर, शॉर्टवेव्हच्या खरखरीतून, पंधरा-वीस माणसांनी तो सामना ऐकला. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी बाद केले आणि शेवटी आबिद अली यांनी चौकार मारून विजय मिळवला, तेव्हा दुकानात जो आनंद झाला त्याला आणखी एक कारण होते. आबिद अली हैदराबादचे होते, आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानातून बाहेर येऊन तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही झालेली नव्हती. जयसिंहा, आबिद अली ही मंडळी आमच्या लोकांना आपल्याच घरची वाटत असत. आप्पांना इंग्रजी जेमतेम समजत होते, पण आवाजाच्या चढउतारावरून चेंडू कोठे गेला हे कळत होते, असे ते आजही सांगतात. पुढे हिंदीतून इंदूरच्या सुशील दोशी यांचे समालोचन ऐकायला मिळाले. मराठीतून क्रिकेट सांगण्याची वाट ज्यांनी पाडली त्यांत बाळ ज. पंडित यांचे नाव आप्पा आदराने घेतात. पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिचीत, निर्धाव षटक, खेळपट्टी हे शब्द आज आपण विचार न करता वापरतो, पण आकाशवाणीवर आणि वर्तमानपत्रांत कोणीतरी मन लावून ते रुळवले, म्हणून ते आपल्या तोंडी आहेत.

अमेरिकेतील बेसबॉलचे एक उदाहरण मला येथे मुद्दाम द्यावेसे वाटते, कारण ते अंतराच्या या प्रश्नाशी थेट जुळते. डॉजर्स हा संघ १९५८ मध्ये ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा सुरुवातीची काही वर्षे त्याचे सामने कोलिझियम नावाच्या एका प्रचंड मैदानावर होत असत. ते मैदान मुळात बेसबॉलसाठी बांधलेले नव्हते, त्यामुळे कित्येक आसने खेळापासून फार लांब होती. लोक घरून ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि समोर सामना चालू असताना विन स्कली यांचे समालोचन कानाला लावून ऐकत. मैदानात बसलेल्या माणसालाही समालोचकाची गरज वाटावी, यापेक्षा मोठी पावती समालोचकाला मिळू शकत नाही. आमच्याकडेही रस्त्याने चालताना कानाला ट्रान्झिस्टर लावलेली माणसे मी लहानपणी पाहिलेली आहेत, फक्त त्यांचे मैदान त्यांच्यापासून तीनशे किलोमीटरवर असे.

टीव्ही आला म्हणून समालोचन निरुपयोगी झाले, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. २००२ च्या ऑगस्टमधील एक दिवस मला स्पष्ट आठवतो. हेडिंग्लेवर इंग्लंडविरुद्धचा कसोटी सामना होता. आभाळ भरलेले, खेळपट्टी गोलंदाजांना साथ देणारी, आणि तरीही सौरव गांगुली यांनी नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतलेली. सलामीला सेहवाग यांच्यासोबत संजय बांगर आले. बांगर यांचा जन्म बीडचा, त्यामुळे आमच्या जिल्ह्यातील कितीतरी घरांत त्या दुपारी टीव्ही लागलेला होता. सेहवाग लवकर बाद झाले आणि त्यानंतर बांगर व द्रविड यांनी जे केले ते पाहायला, खरे सांगायचे तर, वरवर पाहता फारच संथ होते. होगार्ड, कॅडिक, ट्यूडर, फ्लिंटॉफ एकामागून एक चेंडू ऑफ स्टंपच्या आसपास टाकत होते आणि हे दोघे ते सोडत होते, नाही तर बॅट शरीराजवळ ठेवून जमिनीवर खाली दाबत होते.

त्या दिवशी इंग्रजी समालोचनात एका समालोचकाने जवळजवळ अर्धा तास फक्त सोडलेल्या चेंडूंबद्दल सांगितले. फलंदाजाला आपला ऑफ स्टंप कोठे आहे हे कसे कळते, पाय आधी किती हलतो, हात शेवटच्या क्षणी वर का घेतले, मागचा चेंडू आणि आताचा चेंडू सारखेच दिसत असताना एक सोडला आणि एक खेळला तो का, हे तो एकेका चेंडूवर बोट ठेवून दाखवत होता. माझा भाऊ आप्पांना ते मराठीतून सांगत होता. बांगर यांनी २३६ चेंडूंत ६८ धावा काढल्या. पुढे द्रविड यांच्या १४८, सचिन तेंडुलकर यांच्या १९३ आणि गांगुली यांच्या १२८ धावा झाल्या, भारताने ८ बाद ६२८ वर डाव घोषित केला आणि सामना एक डाव व ४६ धावांनी जिंकला. शतके सगळ्यांच्या लक्षात राहिली. आमच्या घरात मात्र त्या ६८ धावांची किंमत कळली, आणि ती केवळ बीडच्या अभिमानामुळे कळली नाही. कोणीतरी ती आम्हाला नीट समजावून सांगितली होती. त्या समालोचनाविना मी तो सामना पाहिला असता तर मला एक कंटाळवाणी दुपार आठवली असती.

आज आम्हाला जे ऐकायला मिळते ते याच्या अगदी उलट आहे. चेंडू सीमारेषेबाहेर गेला की तो गेला, असे सांगितले जाते. पडद्यावर खाली लिहिलेली धावसंख्या वाचून दाखवली जाते. फलंदाज बाद झाला की मोठा धक्का बसतो, नवा फलंदाज आला की त्याच्यावर मोठी जबाबदारी असते, शेवटची पाच षटके आली की येथून सामना कोठेही जाऊ शकतो. एखाद्या खेळाडूविषयी सांगण्यासारखा एखादाच प्रसंग समालोचकांच्या गाठीशी असतो आणि तो त्या खेळाडूच्या प्रत्येक सामन्यात, कधी कधी एकाच डावात दोनदा, सांगितला जातो. सगळ्यात त्रासदायक गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी. पहिल्या षटकातील साधा चौकार आणि शेवटच्या चेंडूवरचा विजयी फटका या दोन्हींसाठी गळा तितकाच ताणला जातो, त्यामुळे जेव्हा खरोखर ओरडण्यासारखे काही घडते तेव्हा त्या आवाजाकडे देण्यासारखे काही शिल्लक राहिलेले नसते.

असे का झाले असावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि केवळ समालोचकांना दोष देऊन मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. २०२२ पासून आयपीएलच्या एका हंगामात ७४ सामने होतात. एका सामन्यात दोन्ही डाव पूर्ण झाले तर २४० वैध चेंडू पडतात, म्हणजे हंगामाला जास्तीत जास्त साडेसतरा हजारांहून अधिक चेंडू. जवळजवळ दोन महिने रोज संध्याकाळी एवढ्या चेंडूंविषयी काहीतरी बोलत राहणे कठीण आहे, हे मला मान्य आहे. दोन षटकांच्या मध्ये जाहिरात लागते, त्यामुळे पूर्वी ज्या अर्ध्या-पाऊण मिनिटात समालोचक क्षेत्ररक्षणातील बदल सांगत असे, ती जागाच उरलेली नाही. चेंडू पडण्याच्या आत परत यायचे आणि लगेच उत्साहात बोलायचे, अशी आता पद्धत आहे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. हिंदी आणि प्रादेशिक भाषांतील समालोचक बहुतेक वेळा मैदानावर नसतातच. ते मुंबईतील स्टुडिओत पडद्यासमोर बसून बोलतात. म्हणजे आप्पांना अंबाजोगाईत जे दिसते तेच आणि तेवढेच त्यांना दिसते. मैदानावर बसलेल्या माणसाला कर्णधाराने डीप पॉइंटला दहा पावले आत का आणले ते दिसते, वारा कोणत्या बाजूने आहे ते झेंड्यांवरून कळते, सीमारेषेवर कोणता गोलंदाज खांदे मोकळे करू लागला आहे यावरून पुढचे षटक कोणाला मिळणार याचा अंदाज येतो. यांतील काहीही कॅमेऱ्यात येत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. ज्याला मैदान दिसत नाही त्याने न दिसणारे सांगावे तरी कसे? आप्पांची तक्रार येथे नेमकी लागू पडते, पण तिचा मोठा भाग समालोचकाच्या माथी नसून त्याला तेथे बसवणाऱ्यांच्या माथी आहे.

तिसरे कारण बोलायला थोडे नाजूक आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे एक-दोन नामवंत समालोचकांची नावे अचानक यादीतून गळालेली प्रेक्षकांनी पाहिली आहेत. आपले पुढचे काम ज्यांच्या मर्जीवर अवलंबून आहे त्यांच्या निर्णयावर, निवडीवर किंवा मोठ्या खेळाडूच्या चुकीवर स्पष्ट बोलायला माणूस कचरणारच. आणि ज्याला मनातले बोलता येत नाही तो अखेर ठरलेली वाक्ये बोलू लागतो, कारण त्यांत कोणताही धोका नसतो. मला वाटते, शिळेपणाचा बराचसा भाग आळसातून न येता या भीतीतून येतो.

याच्या जोडीला माजी खेळाडूंविषयीही बोलले पाहिजे. जो मोठ्या पातळीवर खेळला आहे त्याच्याकडे आम्हाला कधीच न मिळणारा अनुभव असतो, आणि तो ऐकायला आम्ही उत्सुक असतो. परंतु खेळणे आणि सांगणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पुढे ऑस्ट्रेलियाचे कर्णधार झालेले रिची बेनॉ यांनी १९५६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर, म्हणजे अजून खेळत असतानाच, तेथे मागे थांबून बीबीसीत प्रसारणाचे प्रशिक्षण घेतले होते. एवढा मोठा खेळाडू विद्यार्थी म्हणून बसला, म्हणूनच पुढे कित्येक दशके त्यांचे मोजके बोलणे लोकांनी ऐकले. चित्रात जे आहे त्यात भर घालता येत असेल तरच तोंड उघडावे, हा त्यांचा दंडक होता. आप्पांनी बेनॉ यांचे नाव फारसे ऐकलेले नाही, पण त्या रात्री ते जे बोलले ते याहून वेगळे नव्हते.

सामने फार झाले म्हणून बोलणे शिळे होते, हा बचाव मला अर्धाच पटतो, आणि त्याला कारण पुन्हा विन स्कली आहेत. बेसबॉलमध्ये एका संघाला एका हंगामात १६२ सामने खेळावे लागतात. स्कली यांनी १९५० पासून २०१६ पर्यंत, सलग ६७ हंगाम, एकाच संघाचे समालोचन केले, आणि डॉजर्सचे सामने सांगताना बराच काळ त्यांच्या शेजारी दुसरा समालोचक नसे. तिघे-चौघे मिळून एकमेकांशी गप्पा मारत वेळ भरून काढण्याची सोय त्यांना नव्हती. त्यांना थेट ऐकणाऱ्याशी बोलावे लागे. म्हणून ते समोरच्या संघातील नवख्या खेळाडूचीही माहिती गोळा करून येत, तो कोठून आला, त्याचे घर कसे, तो येथवर कसा पोचला, आणि ती माहिती चेंडूंच्या मधल्या जागेत थोडी थोडी सांगत, खेळ आला की तेवढ्यापुरती थांबवून पुन्हा धागा पकडत.

त्यांच्या मौनाची गोष्ट मला त्याहून अधिक भावते. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटामध्ये हँक एरन यांनी ७१५ वा होमरन मारून बेब रूथ यांचा विक्रम मोडला, तेव्हा समोरचा संघ डॉजर्स होता आणि स्कली माइकवर होते. चेंडू कुंपणापलीकडे गेल्याचे सांगून ते गप्प बसले आणि बराच वेळ फक्त मैदानातील लोकांचा आवाज ऐकू दिला. नंतर जेव्हा ते बोलले तेव्हा एका कृष्णवर्णीय खेळाडूसाठी अमेरिकेच्या दक्षिण भागात लोक उभे राहून टाळ्या वाजवत आहेत, याचा अर्थ काय, हे त्यांनी सांगितले. आधी गप्प राहिल्यामुळेच त्या बोलण्याला वजन आले. आमच्याकडे अशा क्षणी तीन माणसे एकाच वेळी ओरडतात आणि पन्नास हजार लोकांचा आवाज त्यांच्याखाली दबून जातो. तेथेही आजचे प्रेक्षक आपल्या समालोचकांविषयी आमच्यासारख्याच तक्रारी करतात, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही, कारण ज्यांनी एकदा चांगले ऐकले आहे त्यांनाच शिळे ओळखू येते.

२०२३ मध्ये आयपीएलचे थेट प्रक्षेपण मोबाइलवर बारा भाषांतून सुरू झाले आणि त्यांत मराठी होती, तेव्हा आमच्या घरात फार आनंद झाला होता. केदार जाधव त्या वर्षी मराठीतून समालोचन करत होते आणि हंगाम चालू असतानाच बंगळुरूच्या संघाने त्यांना खेळण्यासाठी बोलावून घेतले, याचे आम्हाला मोठे कौतुक वाटले. मराठी समालोचनात सगळेच वाईट आहे असे मी म्हणणार नाही. काही वेळा, विशेषतः रणजी खेळलेला एखादा माणूस आपल्या लहानपणच्या मैदानाविषयी बोलू लागला की, ऐकतच राहावेसे वाटते. पण बहुतेक वेळा जे कानावर पडते ते मराठी शब्द घातलेले हिंदी असते. "दबाव बनवला", "चेंडूला बाहेरचा रस्ता दाखवला", "जितकी तारीफ करावी तितकी कमी" ही वाक्ये कोणत्याही मराठी घरात बोलली जात नाहीत. मराठीत दडपण येते, बनत नाही. आमच्या गल्लीतील पोरे टेनिस बॉलने खेळताना "टिप्पा खाऊन आत घुसला", "खाली राहिला", "उचलून हाणला", "दांडी उडाली" असे बोलतात, आणि त्या एकेका शब्दात चेंडूने नेमके काय केले ते सामावलेले असते. "गगनचुंबी षटकार" या शब्दांत काहीच सामावलेले नाही, कारण ते प्रत्येक षटकाराला लावले जातात.

आणि गावांविषयी. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेत बेनोनी येथे १९ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. विजयासाठी २४५ धावा हव्या असताना भारताची अवस्था ४ बाद ३२ झाली होती. तेथून बीडचा सचिन धस आणि कर्णधार उदय सहारन यांनी १७१ धावांची भागीदारी केली. सचिनने ९५ चेंडूंत ९६ धावा काढल्या, सहारनने ८१, आणि भारताने दोन गडी राखून सामना जिंकला. त्या रात्री बीड जिल्ह्यात किती फटाके वाजले असतील याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणार नाही. त्याच्या आधी तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये हाच विश्वचषक जिंकून आला होता, आणि जालन्याच्या विजय झोलने १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. असे खेळाडू पडद्यावर आले की समालोचनात त्यांच्या वाट्याला येणारे वाक्य एकच असते, "छोट्या शहरातून आलेला मुलगा". कोणते शहर, तेथे मैदान कसे आहे, मॅटिंगवर खेळून मोठा झालेला फलंदाज खऱ्या खेळपट्टीवर आल्यावर त्याला खाली राहणाऱ्या चेंडूशी जुळवून घ्यायला किती काळ लागतो, उन्हाळ्यात टँकरने पाणी येणाऱ्या गावात मैदानावर मारायला पाणी कोठून आणतात, यांविषयी अवाक्षर नसते. हे सांगायला फार मोठा अभ्यास लागत नाही. त्या मुलाच्या प्रशिक्षकाला एक फोन केला तरी पुरते. हा फोन केला जात नाही याचेच मला सर्वाधिक वाईट वाटते, कारण बाकी कारणांवर समालोचकाचा ताबा नसला तरी या एका गोष्टीवर पूर्ण ताबा आहे.

हे होऊ शकते, याचा पुरावा आमच्याकडे दरवर्षी मिळतो. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तसे लहानमोठे फड मराठवाड्याच्या कितीतरी जत्रांतून भरतात. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा आणली तो हा प्रदेश आहे. लहानपणी मामा मला फडाला नेत, आणि मला कुस्तीतले काहीही कळत नसताना मी तेथे तासन्तास बसत असे, त्याचे कारण निवेदक. जोड लागली की तो दोन्ही पैलवानांची गावे सांगे, कोणत्या तालमीत घाम गाळला ते सांगे, वस्ताद कोण ते सांगे, आणि त्या वस्तादाने तीस वर्षांपूर्वी याच मातीत कोणाला चितपट केले होते तेही सांगे. डाव पडायच्या आधी तो सावध करी, "आता घिस्स्याची तयारी आहे, डाव्या हाताकडं बघा." आम्ही सगळे डाव्या हाताकडे बघत असू आणि खरोखर तेथूनच डाव निघत असे. मग दोघांची पकड बसली की तो बोलणे थांबवी आणि फक्त हलगी वाजत राही. त्याच्यापाशी पडदा, आकडे, पुन्हा पुन्हा दाखवलेली चित्रे यांतले काहीही नव्हते. तो मातीच्या कडेला उभा असे आणि त्याला माणसे ठाऊक असत.

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे. यंदाच्या जानेवारीत आमच्या येथील टेनिस बॉलच्या स्पर्धेचे समालोचन त्याच्याकडे आले. तिवईवर मोबाइल लावून सामने यूट्यूबवर दाखवले जातात आणि पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली गावची मंडळी ते पाहतात. पहिल्या दिवशी मी मैदानात त्याच्या शेजारी बसले होते, आणि त्याच्या तोंडून एकामागून एक टीव्हीवरचीच वाक्ये ऐकून मला खरोखर दुःख झाले. गगनचुंबी षटकार, मोठा धक्का, येथून सामना कोठेही जाऊ शकतो. या मुलाने दुसरे काही ऐकलेलेच नव्हते. शिळे समालोचन आजच्या प्रेक्षकाला कंटाळा आणते एवढ्यावर हे प्रकरण थांबत नाही, उद्याच्या समालोचकाची जीभही त्यातूनच घडते.

त्या रात्री आप्पांनी त्याला जवळ बसवून घेतले. भाषण दिले नाही. दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही संघांत कोण कोण आहे, एवढेच विचारले. त्याला सहा-सात नावे सांगता आली. आप्पा म्हणाले, "मग बाकीच्यांबद्दल काय बोलणार हाइस तू?" सकाळी तो एक शंभर पानी वही घेऊन सामन्याच्या तासभर आधी मैदानावर गेला आणि प्रत्येक खेळाडूशी बोलून आला.

त्या दिवशी दुसऱ्या षटकाच्या शेवटी तो माइकवर म्हणाला की या संघातील नेहमीचे चार गडी आज नाहीत, ते घरच्यांसोबत ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेले आहेत, अकरा पुरे करण्यासाठी दोघे शेजारच्या वाडीतून आणि दोघे शाळेतून आले आहेत, त्यामुळे हा संघ नेहमी पहिल्या स्लिपमध्ये जो गडी उभा करतो ती जागा आज रिकामी आहे. मी मान वर करून पाहिले. स्लिप खरोखर रिकामी होती. मी गेले अर्धा तास त्याच मैदानाकडे पाहत होते आणि मला ते दिसलेले नव्हते. त्यानंतरच्या षटकात एक चेंडू बॅटची कड घेऊन नेमका त्या रिकाम्या जागेतून गेला, आणि भाचा काहीही बोलला नाही.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. आप्पा घरी मोबाइलवर सामना पाहत होते. त्यांनी विचारले, "तो डावखुरा पोरगा कोन्या गावचा हाय? बॅट धरायची पद्धत येगळीच हाय त्याची. इचार की त्याला." भाच्याला ते सांगता आले नाही, कारण तो मुलगा उशिरा आल्याने वहीत नव्हता. डाव संपला तसा त्याने माइक माझ्या हातात दिला आणि वही घेऊन तो मैदान ओलांडून त्या मुलाकडे गेला.